वेबकॉमिकची जुनी पानं: चित्रकार ती वाचकांसोबत पुन्हा का वाचतात?

वर्तमानपत्रातली चित्रपट्टी सकाळी वाचली जाते आणि महिनाअखेरीला रद्दीत जाते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. त्याचे संग्रह निघाले, लोकांनी ते हौसेने घेतले, तरी रोजच्या वाचकासाठी चिंटू म्हणजे त्या दिवशीचा चिंटू. तो वाचून हसायला कालचा भाग आठवावा लागत नाही, पहिला भाग तर नाहीच.

वेबकॉमिकचं गणित उलटं आहे. ते थेट इंटरनेटवर येतं, मधे ना संपादक ना छापखाना. नवा भाग रोज येतो, किंवा सोमवार-बुधवार-शुक्रवार असा वार ठरवून येतो, आणि एकदा आला की तिथेच राहतो. बहुतेक वेबकॉमिकच्या चौकटींखाली चार बटणं असतात: पहिला भाग, मागचा, पुढचा आणि ताजा. त्यातलं ‘पहिला भाग’ हे बटण सगळ्यात महत्त्वाचं. मैत्रिणीने सुचवलं म्हणून एखादी नवी वाचक आज आली, तर ताजा भाग बघून ती गोंधळते. ही पात्रं कोण, यांचं कशावरून बिनसलंय, काहीच कळत नाही. मग ती ‘पहिला भाग’ दाबते आणि वीस वर्षांपूर्वीच्या चित्रापाशी जाऊन पोचते. हात बसण्याआधी केलेलं सगळ्यात कच्चं काम हीच तिला चित्रकाराची पहिली ओळख होते.

इतर कलांमध्ये हे सहसा होत नाही. कादंबरीकाराचे पहिले खर्डे कपाटात राहतात. वेबकॉमिकवाल्यांचं शिकणं मात्र लोकांसमोर झालं, आणि त्या शिकण्याचा प्रत्येक दिवस तारखेसह जपला गेला. म्हणूनच या क्षेत्रात एक वेगळी प्रथा रुजली. चित्रकार आपले जुने भाग काढतात, त्यांच्याखाली नव्याने टिपणं लिहितात आणि वाचकांसोबत ते पुन्हा वाचतात. वरवर हा आठवणींचा कार्यक्रम वाटतो, पण त्यात चित्रकला आहे, पैसा आहे, तंत्रज्ञान आहे आणि बदललेल्या मतांची जबाबदारीही आहे. एकेक करून बघू.

सुरुवात कच्ची का असते

वेबवर नेमाने येणाऱ्या अगदी पहिल्या व्यंगचित्र मालिकांपैकी एक म्हणजे डेव्हिड फार्ली यांची ‘डॉक्टर फन’. ती १९९३ मध्ये सुरू झाली. १९९७ मध्ये पीट एब्रम्स यांची ‘स्लगी फ्रीलान्स’ आली, १९९८ मध्ये माइक क्रहुलिक आणि जेरी होल्किन्स यांची ‘पेनी आर्केड’. २००३ या एकाच वर्षात जेफ जॅक्स यांची ‘क्वेश्चनेबल कंटेंट’, रिच बर्लू यांची ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ आणि रायन नॉर्थ यांची ‘डायनोसॉर कॉमिक्स’ सुरू झाली. या पिढीतल्या बऱ्याच जणांनी चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. सांगण्यासारखं काहीतरी होतं, घरी संगणक होता, आणि परवानगी कुणाची घ्यायची नव्हती.

अमेरिकेत वर्तमानपत्रात चित्रपट्टी छापून यायची तर आधी सिंडिकेटच्या, म्हणजे अनेक वर्तमानपत्रांना पट्ट्या पुरवणाऱ्या संस्थेच्या, संपादकांच्या चाळणीतून जावं लागे. शेकडो नमुने परत जात आणि निवडलेली पट्टीही बराच काळ घासूनपुसून मग छापली जाई. वेबवर ही चाळणी नव्हती. त्यामुळे ज्यांना तिथे कधीच जागा मिळाली नसती अशा लोकांना वाचक मिळाले, हा मोठा फायदा. त्याची किंमत अशी की घासणं-पुसणं वाचकांसमोर झालं.

‘क्वेश्चनेबल कंटेंट’चा १ ऑगस्ट २००३ चा पहिला भाग आणि अलीकडचा एखादा भाग शेजारी ठेवून पाहावा. पहिल्यात ताठर उभी माणसं आणि जवळजवळ रिकामी पार्श्वभूमी; त्या सुरुवातीच्या काळात बराचसा मजकूरही इंडी रॉक संगीतावरच्या शेऱ्यांचा. आज भागांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली आहे. माणसं आता नीट बसतात, वाकतात, त्यांच्या चेहऱ्यावर दोन भाव एकाच वेळी दिसतात. हा बदल एका रात्रीत झालेला नाही. सलग वाचत गेलं तर तो कुठे झाला ते बोट ठेवून सांगता येत नाही, आणि शंभर भाग मागे गेलं की झालेला दिसतो. चित्रकला शिकणाऱ्या कुणालाही मी हा संग्रह आवर्जून दाखवेन. रोज थोडं काढत राहिल्याने हात कसा तयार होतो याचा इतका सविस्तर पुरावा दुसरीकडे सहज मिळत नाही.

हॉवर्ड टेलर यांची ‘श्लॉक मर्सेनरी’ ही विज्ञानकथा १२ जून २००० ला सुरू झाली आणि २४ जुलै २०२० ला संपली. वीस वर्षांत एकही दिवस चुकला नाही. सुरुवातीला टेलर सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करत होते आणि चित्रं काढायला तेव्हाच शिकत होते. पुढे पुस्तकं छापायची वेळ आली तेव्हा त्यांनी पहिलं पुस्तक सुरुवातीच्या भागांचं काढलं नाही, मधल्या कथानकाचं काढलं, कारण तोवर चित्रं बरी झाली होती. अगदी आरंभीचे भाग नंतर छापले, आणि छापताना त्यांना आपल्या टिपणांची जोड दिली. हा क्रम मला फार बोलका वाटतो. कच्चं काम त्यांनी लपवलं नाही, पण ते एकटंही सोडलं नाही.

जुन्या भागांचं करायचं काय

प्रत्येक चित्रकारापुढे कधी ना कधी हा प्रश्न येतो. काही जण जुने भाग काढूनच टाकतात. मला हे पटत नाही, पण समजतं. स्वतःचं विशीतलं लिखाण रोज हजारो अनोळखी माणसं वाचत आहेत ही जाणीव सोपी नाही. तरीही कथा सलग असेल तर पहिले दोनशे भाग काढल्यावर पुढच्या दोन हजारांचा पायाच जातो.

दुसरा मार्ग चित्रं नव्याने काढण्याचा. याचं सगळ्यात ठळक उदाहरण जपानचं आहे. ‘वन’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या चित्रकाराने २००९ मध्ये ‘वन-पंच मॅन’ हे वेबकॉमिक सुरू केलं. चित्रं अगदी ओबडधोबड, पण कथा आणि विनोदाचं टायमिंग अचूक. ते लोकप्रिय झालं आणि युसुके मुराता या निष्णात चित्रकाराने २०१२ पासून तीच कथा नव्याने रेखाटायला घेतली. नंतर त्यावर टीव्ही मालिका आली, जगभर नाव झालं. महत्त्वाचं म्हणजे वन यांनी मूळ ओबडधोबड आवृत्ती मागे घेतली नाही. आज चाहते दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून तुलना करतात: हा प्रसंग तिथे दोन चौकटींत होता, इथे वीस पानं झाली, मग जोर कुठे जास्त आहे? कित्येकदा कौल मूळ दोन चौकटींच्या बाजूने पडतो. चित्र सुबक असणं आणि चित्र परिणामकारक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

डॅनिएल कॉर्सेट्टो यांनी मधला रस्ता निवडला. त्यांची ‘गर्ल्स विथ स्लिंगशॉट्स’ २००४ ते २०१५ चालली. संपल्यावर त्यांनी ती पहिल्या भागापासून पुन्हा दाखवायला सुरुवात केली. मूळचे कृष्णधवल भाग या वेळी रंगीत होते, सोबत त्यांचे शेरे. रेषा तीच राहिली.

तिसरा मार्ग टिपणं जोडण्याचा, आणि माझ्या मते हाच सगळ्यात चांगला. भाग जसाच्या तसा ठेवायचा आणि त्याखाली आजच्या नजरेतून लिहायचं: हा विनोद कुठून सुचला, ही चौकट का फसली, हे पात्र खरं तर एकदाच येणार होतं. ऑस्ट्रेलियात डेव्हिड मॉर्गन-मार हे भौतिकशास्त्राचे अभ्यासक ३१ डिसेंबर २००२ पासून ‘इरेग्युलर वेबकॉमिक’ चालवतात. लेगोच्या बाहुल्या मांडून, फोटो काढून ते भाग बनवतात. नव्या भागांचं सत्र थांबवल्यावर त्यांनी जुने भाग ओळीने पुन्हा दाखवले आणि प्रत्येकाखाली नवं टिपण लिहिलं. त्या टिपणांत कधी विज्ञान असतं, कधी इतिहास, कधी नुसती त्या दिवसाची आठवण.

जुने भाग रोज एक या वेगाने पुन्हा दाखवण्यात एक बारीक गोष्ट आहे, तिकडे सहज लक्ष जात नाही. कुठल्याही जुन्या वेबकॉमिकचे वाचक दोन प्रकारचे असतात. काहींनी ते घडत असताना वाचलं. शुक्रवारी नायिका दाराशी थांबली, आणि दारामागे कोण हे कळायला सोमवार उजाडावा लागला. त्या तीन दिवसांत त्यांनी तर्क लढवले, एकमेकांशी वाद घातले. दुसरे वाचक नंतर आले आणि त्यांनी पाच वर्षांचं कथानक दोन रात्रींत वाचून काढलं. त्यांच्यासाठी ते दार अर्ध्या सेकंदात उघडलं. एकच कथा, पण अनुभव वेगवेगळा. ‘हे प्रकरण फार लांबलं’ अशी तक्रार पहिल्यांकडून येते, ‘हे फार लवकर उरकलं’ ही दुसऱ्यांकडून. रोज एक भाग पुन्हा दाखवला की दोघंही एकाच दिवशी, एकाच चौकटीपाशी येतात. नव्याला वाट पाहणं कळतं आणि जुन्याला नव्याची नजर मिळते.

वाचकांची आठवण

या उजळणीत वाचकांची गरज नक्की कशाला? कारण चित्रकारापेक्षा त्यांना जास्त आठवतं. रोज नवा भाग देणारा माणूस कायम पुढच्या भागाच्या घाईत असतो. सहा वर्षांपूर्वी एका पात्राने आपल्याला भाऊ असल्याचं म्हटलं होतं, हे तो विसरतो. मोठ्या वेबकॉमिकचे चाहते विकी चालवतात. तिथे प्रत्येक पात्राचं पान असतं, ते पहिल्यांदा कधी दिसलं त्याची तारीख असते, घटनांचा क्रम लावलेला असतो. चित्रकारही पुढे लिहिताना तिथूनच तपासून घेतात.

यामागे तांत्रिक कारणही आहे. कॉमिकमधला मजकूर चित्राचाच भाग असतो. पात्राच्या तोंडचं वाक्य आपल्याला वाचता येतं, पण शोधयंत्राच्या लेखी ते नुसते ठिपके. ‘तो ससा असलेला भाग कुठला होता?’ याचं उत्तर शोधून मिळायचं नाही. रायन नॉर्थ यांनी यासाठी ‘ओह नो रोबॉट’ नावाची सोय केली. वाचक एकेका भागातला मजकूर टंकून देत आणि तो शोधण्याजोगा होई. हजारो चौकटींमधले संवाद चाहत्यांनी असे हाताने उतरवून काढले. रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या वेबकॉमिकसाठी तर चाहत्यांनी वेगळी विकीच उभी केली आहे. तिथे प्रत्येक भागातला गणिताचा, भौतिकशास्त्राचा किंवा प्रोग्रॅमिंगचा संदर्भ उलगडून सांगितलेला असतो. मन्रो नासाच्या लँगली केंद्रात काम केलेले. २००५ मध्ये त्यांनी सुरुवातीला चढवलेली चित्रं म्हणजे वहीत गिरवलेल्या रेखाटनांचे स्कॅन होते.

संदर्भ किती लवकर विझतात याचं चांगलं उदाहरण ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’चा पहिलाच भाग. काडीसारख्या आकृत्यांची ही साहसकथा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या, मित्रांनी एकत्र बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या नियमांवर उभी आहे. २००३ च्या जुलैत त्या खेळाच्या नियमांची ३.५ ही सुधारित आवृत्ती आली आणि सप्टेंबरमध्ये हे कॉमिक सुरू झालं. पहिला विनोद असा की पात्रं गुहेत लढत असताना अचानक जगाचे नियमच बदलतात. त्या महिन्यात तो खेळ खेळणाऱ्या प्रत्येकाला हे क्षणात कळलं. आज खेळाच्या आणखी आवृत्त्या येऊन गेल्या आहेत. नव्या वाचकाला मधेच काय बदललं हे कुणीतरी सांगावं लागतं. ‘पेनी आर्केड’ची अडचण याहून मोठी, कारण ती मालिका त्या त्या आठवड्यातल्या व्हिडिओ गेम्सबद्दल बोलते. २००६ पासून डार्क हॉर्स प्रकाशनाने तिचे संग्रह काढले तेव्हा होल्किन्स यांनी प्रत्येक भागावर शेरा लिहिला. त्या शेऱ्यांशिवाय निम्मी पानं आज बंद दारासारखी आहेत.

पैसा आणि ठिपके

वेबकॉमिक वाचायला पैसे पडत नाहीत. मग चित्रकार जगतात कसे? जाहिराती, टी-शर्ट, २०१३ पासून पॅट्रिऑनवरची मासिक वर्गणी, आणि पुस्तकं. पुस्तकाचा पेच असा की त्यातला मजकूर वाचकाने आधीच फुकट वाचलेला असतो. तेच पुन्हा विकत का घ्यायचं? इथे टिपणांना आर्थिक महत्त्व येतं. जुना भाग सगळ्यांसाठी खुला, पण तो काढताना काय चाललं होतं हे पुस्तकातच.

छपाईतही मोठी अडचण असते. १९९० च्या दशकात इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून येई. चित्राची फाइल मोठी असली तर एक भाग उघडायला मिनिटभर लागे. त्यामुळे चित्रं लहान करून चढवली जात. समजा, चित्राची रुंदी ७०० ठिपके (पिक्सेल) आहे. पडद्यावर ते छान दिसतं. चांगल्या छपाईला मात्र एका इंचात ३०० ठिपके लागतात. म्हणजे कागदावर तेच चित्र जेमतेम सव्वादोन इंच, साधारण सहा सेंटिमीटर रुंद छापता येईल. त्याहून मोठं केलं की कडा फाटतात. मूळ मोठी फाइल जपली असेल तर प्रश्न नाही, पण विशीतल्या मुलाने २००१ मधली हार्ड डिस्क जपलेली असेलच असं नाही. कित्येकांना जुने भाग पुस्तकासाठी पुन्हा काढावे लागतात.

वाचकांना जुने भाग किती हवे असतात याचा आकडाच २०१२ मध्ये जगासमोर आला. ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’चे काही संग्रह छापील स्वरूपात मिळेनासे झाले होते. बर्लू यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणी जमवणाऱ्या साइटवर पुनर्मुद्रणासाठी ५७,७५० डॉलर मागितले. जमले १२,५४,१२०. देणारे जवळजवळ १५ हजार लोक, आणि ज्या भागांची पुस्तकं छापायची होती ते वेबवर तेव्हाही फुकट वाचता येत होते. मला या घटनेचं खरं महत्त्व रकमेत वाटत नाही. जुनं काम ही अडगळ नसून ती वाचकांनी मनात जपलेली वस्तू आहे, हे पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालं.

मतं बदलली तर

कच्ची चित्रं पचवणं त्या मानाने सोपं. कच्चे विचार पचवणं अवघड. वीस वर्षांपूर्वीचे काही विनोद आज वाचवत नाहीत: बायकांच्या शरीरावरचे, समलिंगी माणसांना हिणवणारे, एखाद्या समाजाला एकाच साच्यात बसवणारे. लिहिणाऱ्याचं मत बदललेलं असतं, पण भाग तिथेच असतो आणि वाचणाऱ्याला तो आजचाच वाटतो.

याला सगळ्यात खोल उत्तर दिलंय ते डेव्हिड विलिस यांनी. त्यांची पहिली मालिका ‘रूमीज’ १९९७ मध्ये इंडियाना विद्यापीठाच्या विद्यार्थी वर्तमानपत्रात आली आणि मग वेबवर. तिचीच पुढे ‘इट्स वॉकी’ झाली, ती २००४ पर्यंत चालली. विलिस कडव्या ख्रिस्ती घरात वाढले, आणि सुरुवातीच्या भागांत त्या संस्कारांची छाया आहे. पुढे त्यांचे विचार पार बदलले. त्यांनी जुने भाग काढून टाकले नाहीत. पहिल्यापासून पुन्हा दाखवले आणि खाली आपली टिपणं लिहिली. आपण तेव्हा काय मानत होतो आणि ते का चुकीचं होतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

आणि १० सप्टेंबर २०१० ला त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. ‘डम्बिंग ऑफ एज’ या नव्या मालिकेत त्यांनी आपलीच जुनी पात्रं घेतली आणि सगळ्यांना इंडियाना विद्यापीठात पहिल्या वर्षाला आणून बसवलं. आधीच्या कथेतले परग्रहवासी, युद्धं, मृत्यू, सगळं बाजूला. जॉइस ही मुलगी इथेही आहे: धार्मिक घरात वाढलेली, घरीच शिकलेली, बाहेरचं जग पहिल्यांदा बघणारी. पण आता तिला लिहिणारा माणूस त्या रस्त्याने जाऊन पुढे आलेला आहे. तिच्या मनातल्या शंका, आईवडिलांशी होणारी ओढाताण, मैत्रिणींमुळे हळूहळू बदलणारी नजर, हे सगळं विलिस यांनी वर्षानुवर्षं रोज एकेक भाग करत उलगडलं आहे. जुन्या मालिकेची टिपणं वाचून मग ही वाचली तर एका माणसाचं बदलणं दोन बाजूंनी दिसतं. ‘तेव्हा मी चुकलो’ एवढं म्हणून तो थांबला नाही, तीच माणसं पुन्हा घेऊन त्याने त्यांना न्याय दिला. वेबकॉमिक या माध्यमात मी पाहिलेल्या सगळ्यात प्रामाणिक कामांपैकी हे एक आहे.

कधी जुना भाग चित्रकाराच्या हातात राहतच नाही. टिम बकली यांच्या ‘कंट्रोल-ऑल्ट-डिलीट’ या गेमिंगवरच्या विनोदी मालिकेत २ जून २००८ ला ‘लॉस’ नावाचा भाग आला. चार चौकटी, एकही शब्द नाही. नायक धावत दवाखान्यात येतो, स्वागतकक्षात विचारतो, डॉक्टरांशी बोलतो आणि शेवटी पलंगावर आडव्या पडलेल्या जोडीदाराजवळ उभा राहतो. तिचा गर्भपात झालेला असतो. हलक्याफुलक्या मालिकेत अचानक आलेला हा गंभीर प्रसंग अनेकांना बेगडी वाटला, आणि त्याची विडंबनं सुरू झाली. ती इतकी झाली की चार चौकटींतल्या माणसांच्या जागी नुसत्या उभ्या-आडव्या रेषा काढल्या तरी लोक ओळखू लागले. आज त्या रेषा ओळखणाऱ्या कित्येकांनी मूळ मालिका वाचलेलीच नाही. चाहत्यांसोबत मागे वळून पाहणं म्हणजे आपुलकीच असेल, असं गृहीत धरता येत नाही. त्या भागाचा विषय असलेलं दुःख अनेक घरांनी भोगलेलं आहे, हे त्या थट्टेत बहुतेक जण विसरले, याचं मला वाईट वाटतं.

जुनी पानं टिकतात का

‘आलेला भाग तिथेच राहतो’ असं मी वर म्हटलं, पण ते कुणीतरी सर्व्हरचे पैसे भरत असेपर्यंतच खरं. ‘इलियाड’ या टोपणनावाने जे. डी. फ्रेझर यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली ‘युजर फ्रेंडली’ ही एका कॅनेडियन इंटरनेट कंपनीतल्या कर्मचाऱ्यांची गोष्ट. एका पिढीच्या संगणकवाल्यांनी ती रोज वाचली. नवे भाग थांबल्यावर साइट जुनेच भाग पुन्हा दाखवत राहिली. २०२२ मध्ये साइटच बंद झाली. असंख्य हौशी चित्रकारांना फुकट जागा देणारी ‘स्मॅक जीव्ज’ ही सेवा २०२० च्या अखेरीला बंद पडली. ज्यांनी आपले भाग वेळेत उतरवून घेतले नाहीत, त्यांचे गेले.

‘होमस्टक’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची. अँड्र्यू हसी यांनी १३ एप्रिल २००९ ला ती सुरू केली आणि बरोबर सात वर्षांनी, १३ एप्रिल २०१६ ला संपवली. आठ हजारांहून जास्त पानं, आणि त्यांत चित्रं, लांबलचक गप्पांचे उतारे, संगीत, हलती दृश्यं, खेळता येणारे प्रसंग. सुरुवातीच्या काळात पात्राने पुढे काय करावं ते वाचक सुचवत आणि त्यातून निवडून हसी पुढचं पान काढत. वाचक इतके वाढले की ही पद्धत सोडावी लागली, पण कथेची जडणघडण वाचकांसोबत झाली ती झालीच. नंतरच्या छापील आवृत्तीत हसी यांनी पानापानावर टिपणं लिहिली. विनोद कुणाच्या सूचनेतून निघाला, कुठला धागा तेव्हा योजलेलाच नव्हता, हे त्यांत सापडतं.

मात्र ‘होमस्टक’चा जीव फ्लॅश या, ब्राउझरमध्ये हलती दृश्यं आणि खेळ चालवणाऱ्या तंत्रात होता. अडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि ब्राउझरमध्ये ते चालेनासं झालं. अधिकृत साइटवर हलती दृश्यं व्हिडिओच्या रूपात ठेवली गेली, पण व्हिडिओमध्ये खेळता येत नाही. मग चाहत्यांनीच स्वतःच्या संगणकावर उतरवून घेता येणारा एक संग्रह तयार केला. त्यात मूळ फ्लॅश तसंच चालतं, संगीत मिळतं, आणि टिपणंही वाचता येतात. ज्यांना कथेत भाग घ्यायला मिळाला होता, त्यांनीच ती जपली.

सार्वजनिक संस्थाही थोड्या जाग्या झाल्या आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१७ मध्ये वेबकॉमिक्सचा आपला संग्रह जाहीर केला. निवडक मालिका तिथे जतन होतात. हे फार चांगलं काम आहे, पण निवडक. मराठीत आणि इतर भारतीय भाषांत समाजमाध्यमांवर चित्रपट्ट्या टाकणाऱ्यांसाठी तर यातला धोका आणखी जवळचा आहे. तिथे ‘पहिला भाग’ हे बटणच नसतं. दोन वर्षांपूर्वीचं चित्र शोधायला अंगठा दुखेपर्यंत खाली जावं लागतं, आणि खातं बंद झालं की सगळंच जातं. मूळ मोठ्या फाइल्स तारीखवार जपून ठेवणं, संवाद वेगळे टंकून ठेवणं आणि एका स्वतंत्र जागी क्रमाने मांडणं, एवढं आजच केलं तर दहा वर्षांनी मागे वळून पाहायला काहीतरी हातात असेल.

वाचायला सुरुवात कुठून करावी, असा प्रश्न पडला असेल तर माझी शिफारस अशी: ‘द ऑर्डर ऑफ द स्टिक’ पहिल्यापासून वाचा, पण पहिले शंभर भाग सुटे विनोद आहेत हे धरून चाला, खरी कथा हळूहळू जमते. ‘डम्बिंग ऑफ एज’ही पहिल्यापासूनच, आणि ती आवडली तर मग ‘रूमीज’ टिपणांसह. ‘होमस्टक’ चाहत्यांच्या संग्रहातूनच वाचा, पहिल्या वाचनात टिपणं बंद ठेवून. ‘डायनोसॉर कॉमिक्स’मध्ये २००३ पासून तीच सहा चित्रं आहेत, बदलतात ते फक्त संवाद, त्यामुळे ती कुठल्याही दिवसापासून सुरू करता येते.